क्लबचे पैसे आणि सात-बाऱ्यावरचे नाव

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे चालले आहे. आमच्याकडे जो विषय दिला आहे, तो त्यापुढे किरकोळ वाटेल. शहरात रोटरी, लायन्स असे क्लब असतात. ते गावोगावच्या लहान संस्थांना लहानसहान मदत देतात. तीस हजार, पन्नास हजार, क्वचित लाखभर. अलीकडे अशा मदतीच्या अर्जात एक रकाना हमखास असतो, 'तुमच्या कामातून समता कशी वाढेल?' आपल्या भागातल्या महिलांच्या दोन नोंदणीकृत संस्थांपुढे असा अर्ज येऊन पडला आहे. तो भरायचा की परत पाठवायचा, यावर मागच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. एक भाऊ म्हणाले, ही भीक आहे. त्यावर मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "भीक तर भीक. तहसीलला माझ्या सात खेपा झाल्या. त्यांचे पैसे तुम्ही देता का?"

भाऊ खाली बसले. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी हे क्लब काय असतात आणि त्यांचा पैसा कुठून कसा येतो, ते नीट बघावे लागेल. जिनिंगवाल्याचा काटा न बघता आपण गाडी खाली करत नाही, तसेच हे.

१९०५ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन ओळखीच्यांना एकत्र बसवले. त्यांत एक कोळशाचा व्यापारी होता, एक शिंपी होता, एक खाणीचा इंजिनियर. हॅरिस लहान गावात वाढलेला. शहरात माणसे भरपूर, पण आपले म्हणावे असे कोणी नाही, हे त्याचे दुखणे. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायची, म्हणून नाव पडले रोटरी. आपल्याकडे बायांची भिशी घरोघर फिरते, त्यातलाच प्रकार. सुरुवातीला हेतू दोस्तीचा आणि एकमेकांना धंदा मिळवून देण्याचा होता, हे ते लोकही लपवत नाहीत. लोकोपयोगी असे त्यांचे पहिले काम म्हणजे शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून धरलेला आग्रह. आमच्या मते काम चांगलेच होते. आपल्या बाजाराच्या गावी आजही बायांसाठी धड मुतारी नाही.

पुढे १९१७ साली त्यांचा त्या वेळचा अध्यक्ष आर्च क्लम्फ याने कल्पना मांडली, की जगात काही भले करायला एक कायम निधी असावा. पहिली देणगी आली साडेसव्वीस डॉलरची. त्या निधीचे आज मोठे प्रतिष्ठान झाले आहे. भारतात हा क्लब १९१९-२० मध्ये कलकत्त्याला सुरू झाला. या लोकांची नुसती टिंगल करून चालणार नाही. पोलिओ हटवण्याचे काम त्यांनी १९८५ पासून हाती धरले आणि सोडले नाही. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधला. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. सरकार होते, जागतिक आरोग्य संघटना होती, युनिसेफ होती, लाखो कार्यकर्ते होते. पण त्यात या क्लबांचा वाटा होता आणि मोठा होता. पंचवीस-तीस वर्षे एकच काम धरून ठेवणे किती अवघड असते, ते चळवळीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता पैशाचा प्रवास. सभासद वार्षिक निधीला जे देतात ते तीन वर्षे गुंतवून ठेवतात. मग त्यातला साधारण निम्मा हिस्सा त्यांच्या 'जिल्ह्या'कडे परत येतो. हा जिल्हा म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. बऱ्याच गावांचे क्लब मिळून त्यांचा एक जिल्हा होतो. आलेल्या पैशातून जास्तीत जास्त निम्मा भाग लहान, स्थानिक कामांना देता येतो. उरलेला मोठ्या कामांसाठी. मोठे काम म्हणजे किमान तीस हजार डॉलरचे, दोन देशांतल्या क्लबांनी मिळून केलेले. ते आपल्या आवाक्यातले नाही आणि त्याच्या मागे लागूही नये. त्यातल्या कागदांनी बायांची लुगडी फाटतील. आपल्यासमोर आहे तो लहान पैसा. यातले काही क्लब तर वर जातच नाहीत. सभासदांची वर्गणी गोळा करून इथल्या इथे देतात. लायन्सचीही घडण थोड्याफार फरकाने अशीच.

लहान पैशाची किंमत अलीकडे वाढली आहे, त्याला कारण आहे. पूर्वी परदेशी मदत घेणारी एखादी मोठी संस्था आपल्या वाट्यातून लहान गावसंस्थेला काही देत असे. २०२० साली परकीय देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे देणे बंद झाले. कंपन्यांचा सामाजिक निधी २०१४ पासून सुरू आहे, नफ्याच्या दोन टक्के. पण कंपनीला मोठे काम, मोठा हिशेब आणि आपल्या कारखान्याच्या जवळचे गाव लागते. कोरडवाहू तालुक्यात कारखाना कुठून आणायचा? तेव्हा खेड्यातल्या दहा-वीस बायांच्या संस्थेच्या हाती येऊ शकेल असा, कमी कागदांचा पैसा म्हणजे हाच.

आता तो समतेचा रकाना.

शब्द मोठा आहे. आम्ही शेतीच्या कॉलेजात शिकलो, म्हणून आमच्या परीने सांगतो. भारी काळी जमीन आहे, दोन हात खोल. शेजारी बरड आहे, वीतभर मातीखाली मुरूम. दोघांना एकच वाण, एकच अंतर, एकच खताची मात्रा दिली तर कागदावर सारखेपणा झाला. पण सप्टेंबरात पावसाने ताण दिला की बरडावरचा कापूस बोंडे धरायच्या आत माना टाकतो. बरडाला लवकर येणारे वाण लागते, जवळची लागण लागते, ओल धरायला सऱ्या काढाव्या लागतात. गरज बघून द्यायचे, म्हणजे शेवटी दोघांच्याही घरात पीक येते. समता म्हणतात ती ही. सगळ्यांना एकेक वही वाटणे म्हणजे समता, असे समजणारे लोक क्लबात आहेत, आपल्यातही आहेत.

आणि हे शिकणे त्या क्लबांना स्वतःलाही सोपे गेलेले नाही. हा किस्सा आमच्या बहिणींनी जरूर ऐकावा. रोटरी सुरू झाल्यापासून ऐंशीवर वर्षे त्यात बाईला सभासद होता येत नव्हते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डुआर्टे नावाचे लहान गाव आहे. तिथल्या क्लबात पुरुष कमी होत होत मूठभर उरले. शेवटी १९७७ साली त्यांनी तीन बायांना सभासद करून घेतले. १९७८ मध्ये वरून हुकूम आला आणि क्लबची सनदच काढून घेतली. डुआर्टेचे लोक चिवट. त्यांनी नावाआधी 'माजी' लावले, बैठका चालू ठेवल्या आणि कोर्टात गेले. ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक ही बाई डुआर्टे क्लबची अध्यक्ष झाली. १९८९ मध्ये रोटरीने साऱ्या जगासाठी नियम बदलला. सगळ्या रोटरीची पहिली बाई अध्यक्ष मात्र २०२२ साली झाली, कॅनडाच्या जेनिफर जोन्स. म्हणजे स्थापनेपासून ११७ वर्षांनी.

हे आम्ही कुणाला हिणवायला सांगत नाही. पुरुष कमी पडले म्हणून बायांना दार उघडले, हे वाचताना आम्हाला आपल्याच सोसायटीची निवडणूक आठवली. राखीव जागा आली म्हणून वहिनींचा फॉर्म भरायचा आणि बैठकीला भाऊसाहेबांनी बसायचे. सांगायचे ते एवढेच, की समतेचा रकाना छापणाऱ्याला ती आधीच आली आहे असे समजून दबून जाऊ नका. तेही शिकत आहेत. आपण अर्जात काय लिहितो त्यावरून ते आणखी शिकतील.

मग लिहायचे काय?

शिलाई मशीन लिहू नका, ही आमची पहिली विनंती. मशीन वाईट नाही. पण गावात आधीच आठ मशिनी आहेत आणि शिवायला कपडे चार घरांचे. एका ठिकाणी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. नवरा गेलेली बाई व्यासपीठावर उभी केली, मशीनवर हात ठेवायला लावला, फोटो काढला. पुन्हा काढला, कारण मागचा फलक फोटोत आला नव्हता. ती बाई कपाशी वेचायला जायची आणि तिच्या घरची चार एकर जमीन दीर करायचा. तिला मशीन चालवता येत नव्हती. तिने ती वर्षभरात विकली आणि ते शहाणपणाचेच केले.

तिची अडचण मशीनची नव्हतीच. सात-बाऱ्यावर तिचे नाव मालकाच्या रकान्यात नव्हते. होते ते 'इतर हक्क' या रकान्यात. आपल्याकडे ही जुनी खोड आहे. मुलाचे नाव भोगवटादार म्हणून वर आणि आईचे, बहिणीचे नाव बाजूच्या रकान्यात. नाव तर लागले, असे बाईला सांगायचे. पण त्या नावावर सोसायटी पीककर्ज देत नाही. पीकविमा तिच्या नावाने निघत नाही. केंद्राचे वर्षाचे सहा हजार तिच्या खात्यावर येत नाहीत. सीसीआयच्या केंद्रावर कापूस न्यायचा तर सात-बारा दुसऱ्याचा. राबायचे तिने, आणि कागदावर शेतकरी मात्र दुसरा कोणी.

कायदा काय म्हणतो? हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याच्या वाट्यात बायको, मुलगा, मुलगी आणि आई या सगळ्यांचा सारखा हिस्सा. आपल्या राज्याने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, देशाने तो २००५ साली दिला. आदिवासी कुटुंबांना हा कायदा लागू नाही, त्यांचे प्रश्न वेगळे घ्यावे लागतील आणि ते आपण घेऊ. कायदा असूनही घडते काय? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या ५०५ विधवांची पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के बायांना नवऱ्याच्या शेतीवरचा हक्क मिळालेला नव्हता. पुढे १८ जून २०१९ ला शासनाने या बायांसाठी खास निर्णय काढला. निर्णय निघाला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी तहसीलला खेपा बाईलाच घालाव्या लागतात.

या खेपांचा हिशेब आपण मांडू, कारण लहान पैशाची खरी जागा इथे आहे. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे. काम तेच, नाव लांबले. मृत्यूचा दाखला लागतो. वारसांची यादी आणि शपथपत्र लागते. मग गावनमुना सहा-क, वारसाच्या नोंदवहीत नोंद. मग फेरफार. नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण तक्रारीत जाते आणि तिथे किती काळ बसेल याचा नेम नाही. नोंद चुकीची झाली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, साठ दिवसांच्या आत. बाईला हे साठ दिवस माहीतच नसतात. आता अर्ज ऑनलाइन करता येतो, खरे आहे. पण बाईच्या हातात फोन मुलाचा असतो आणि सेवा केंद्र तालुक्याला. शपथपत्राला स्टँप माफ आहे, तरी दारात बसलेला लिहिणारा फुकट लिहीत नाही. एसटीचे तिकीट बायांना अर्धे झाले, पण गेलेल्या दिवसाची मजुरी अर्धी होत नाही, सगळीच बुडते. साहेब मिटिंगला गेलेले असले की दोन दिवसांची बुडते.

एका बाईमागे हा खर्च हजाराच्या आसपास धरा. पन्नास हजारांत चाळीस बायांचा खर्च भागतो आणि दहा हजार उरतात. त्यात एक शिकलेली, न घाबरणारी मुलगी वर्षभर त्यांच्यासोबत तहसीलला जाऊ शकते. तिला पगार नको, पण भाडे आणि जेवण तर द्यावे लागेल. चाळीस बाया सात-बाऱ्याच्या मालकाच्या रकान्यात आल्या, तर त्यांतली प्रत्येक जण पुढे कर्ज, विमा, कापूस विक्री आपल्या नावाने करील. बँक, तहसील, बाजार समिती, कुणीही या खर्चाला पैसे देत नाही, कारण हा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. मोठ्या पैशाला तो दिसत नाही, लहान पैशाला दिसू शकतो.

जमीन नसलेल्या बहिणी विचारतील, आमचे काय? कापूस वेचणाऱ्या निम्म्या बाया भूमिहीन आहेत असे धरले, तर अर्जातही त्यांचा निम्मा वाटा असला पाहिजे. घर तरी दोघांचे व्हावे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावे लावण्याचा शासन निर्णय आहे, तो किती ग्रामपंचायतींनी पाळला ते त्याच मुलीने बघावे.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९९० च्या आगेमागे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. नवऱ्यांनी आपल्या हयातीत, राजीखुशीने, बायकोच्या नावाने जमीन करून दिली. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते गाव लक्ष्मीमुक्त. हयात नवऱ्याचे मन वळवता येते. नवरा गेल्यावर बाईची गाठ दिराशी, सासऱ्याशी आणि कचेरीशी पडते. तिथे नुसती मनाची तयारी पुरत नाही, खिशात भाड्याचे पैसे लागतात.

आता अटींचे. देणारा अटी घालतो तशा घेणाऱ्यानेही घालाव्यात. क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अध्यक्ष दर वर्षी बदलतो. आपले वर्ष मृगाला सुरू होते. जुलैत नवा अध्यक्ष येणार, मग निर्णय, पैसा हातात येईपर्यंत कापसाची वेचणी सुरू, आणि जूनच्या आत पावत्या द्या म्हणणार. वेचणीच्या दिवसांत कुठली बाई तहसीलला जाईल? फेरफारातली एक हरकत त्यांच्या अख्ख्या वर्षाला पुरून उरते. म्हणून अर्जातच लिहा, की काम दोन वर्षांचे आहे, पहिल्या हप्त्याचा हिशेब आम्ही वेळेवर देऊ, पण नाव लागले की नाही याचा हिशेब दुसऱ्या वर्षी घ्या. बायांचे फोटो नाहीत. हवा तर फेरफाराच्या उताऱ्याचा फोटो काढा, नाव झाकून. छपाई, संगणक जे काही घ्यायचे ते तीन दुकानांचे भाव बघून, आणि त्यांत क्लबाच्या सभासदाचे दुकान नको. क्लबात वकील असतात, त्यांना सांगा, पैशाऐवजी महिन्यातला एक दिवस द्या. आम्हाला विचाराल तर हा एक दिवस पन्नास हजारांपेक्षा मोलाचा आहे. आणि पैसे कुणाला द्यायचे हे जिथे ठरते, त्या खोलीत आपली एक बाई बसली पाहिजे. मत नसले तरी चालेल, बसू द्या. डुआर्टेची गोष्ट तेव्हा सांगा. हसतील आणि खुर्ची देतील.

हे मान्य होत नसेल तर पैसे घेऊ नका. संस्था काही उपाशी मरत नाही.

ज्या भावांनी भीक म्हटले, त्यांच्याशी दोन शब्द. तुमचा राग आम्हाला कळतो. या वर्षीच्या नव्हे, कुठल्याही हंगामाचा हिशेब घ्या. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. धरून चला, एका गावचा कापूस ३,००० क्विंटल आणि खेडा खरेदीत तो क्विंटलमागे ५०० रुपये कमी भावाने गेला. गावाचे पंधरा लाख गेले. त्यापुढे क्लबचे पन्नास हजार म्हणजे काय? ही लूट थांबवण्याचे काम कुठला क्लब करणार नाही, त्यांच्यातले काही जण तर कापसाच्या गाठी घेणाऱ्यांतलेच आहेत. भावाची लढाई आपली आपल्यालाच लढायची आहे आणि त्यात कुणाचे अनुदान घ्यायचे नाही, हे आम्हीही तितक्याच ठामपणे म्हणतो. पण भावात ५०० रुपये वाढले तर ते कुणाच्या हातात पडणार? ज्याचे नाव सात-बाऱ्यावर, त्याच्या. भावाची लढाई जिंकूनही चार एकर कसणाऱ्या विधवेच्या हाती काही लागणार नसेल, तर तिने आपल्या मोर्चात का यावे? ती येते, हा तिचा मोठेपणा आहे. त्याच्यावर किती दिवस काढायचे?

तेव्हा आमचे मत दोन्ही संस्थांनी मिळून एकच अर्ज करावा असे आहे. ठरवायचे त्यांनी, आम्ही फक्त मत दिले.

जेवणानंतर डाव्या बाजूच्या टेबलावर अर्जाचा नमुना ठेवलेला आहे. ज्या बहिणींची नोंद अडलेली आहे त्यांनी नाव, गाव, गट नंबर लिहून द्यावा. मृत्यूचा दाखला, जुना सात-बारा आणि आठ-अ जवळ असेल तर त्याची झेरॉक्स आजच द्यावी. नसेल तर पुढच्या बैठकीला आणावी. आणि ज्यांचे दीर आज इथे बसलेले आहेत, त्यांनी त्यांनाही टेबलापर्यंत सोबत न्यावे. हरकत नसल्याचा जबाब त्यांचाच लागतो.